जेंकिन्सचा नागपूर-वृत्तांत व मालगुजारीचें धोरण

नागपूरच्या राज्याच्या इतिहासाचा अभ्यास करूं लागणाऱ्या प्रत्येकास रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याच्या इंग्रजी वृत्तांतापाशीं केव्हांना केव्हां यावेंच लागतें. सन १८२७ सालीं कलकत्त्यास छापलेला हा वृत्तांत पुढें नागपुरासही पुन्हां छापला गेला. गॅझेटियरकारांनीं त्यांतून भरपूर उचललें, आणि मराठी इतिहासलेखकांनींही त्याचा उपयोग केला. तथापि या ग्रंथाकडे बहुधा माहितीची खाण याच दृष्टीनें पाहण्यांत येतें. ज्याला जें हवें तें त्यानें काढून न्यावें. खाण कोणीं खणली, कशासाठीं खणली व कोठवर खणली, हा प्रश्न सहसा निघत नाहीं. प्रस्तुत लेखांत तोच प्रश्न आम्हांस विचारावयाचा आहे. कारण हा वृत्तांत विद्वानांच्या करमणुकीसाठीं लिहिलेला नसून राज्यकारभाराची दिशा ठरविण्यासाठीं लिहिलेला होता. सरकार चौकशी करतें, आंकडे जमवितें, अहवाल लिहवितें, आणि मग धोरण ठरवितें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. चौकशी आणि धोरण यांचें नातें इतकें सरळ असतें काय, हें पाहण्यास नागपूरच्या उदाहरणासारखें दुसरें उदाहरण मिळणें कठीण.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें. जेंकिन्सची चौकशी, तिचे दोष जमेस धरूनही, पुढील धोरणापेक्षां वस्तुस्थितीस अधिक जवळ होती. धोरण चुकलें तें माहितीच्या अभावीं नव्हे. गांवची स्थिति परमुलखांतून आणलेल्या शब्दांच्या सांच्यांत ओतली गेली, तेथें तें चुकलें. आणि ही चूक ज्यांवरून पडताळून पाहावयाची, ते मूळ मराठी कागद जमविण्याचें काम अद्याप पुरें झालेलें नाहीं.

(१) वृत्तांताची उत्पत्ति

ता. २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजीं सीताबर्डीची लढाई झाली. पुढील वर्षीं आप्पासाहेब भोसले यांस पदच्युत करण्यांत आलें, आणि दुसऱ्या रघूजींचा अल्पवयी दौहित्र तिसरे रघूजी या नांवानें गादीवर बसविण्यांत आला. राजा अज्ञान असल्यामुळें राज्याचा सर्व कारभार रेसिडेंटाच्या हातीं आला, तो १८२६ पर्यंत त्याच्याकडेच राहिला. राज्याचे पांच जिल्हे पाडण्यांत आले: घाटाखालील देवगड म्हणजे नागपूर, घाटावरील देवगड, वैनगंगा, चांदा व छत्तिसगड. प्रत्येकावर एक गोरा सुपरिंटेंडेंट नेमण्यांत आला. सन १८२६ चा तह होऊन कारभार क्रमाक्रमानें राजाकडे परत जाऊं लागला, आणि १८३० सालीं राखून ठेवलेले जिल्हेही परत मिळाले. म्हणजे वृत्तांत लिहिला गेला तो कारभाराच्या शेवटीं, कारभार करणाऱ्यानेंच, आपल्या वरिष्ठांस हिशेब देण्यासाठीं.

त्या काळीं असे वृत्तांत लिहिण्याची एक परंपराच पडली होती. एल्फिन्स्टननें पेशव्यांच्या जिंकलेल्या मुलखाविषयींचा वृत्तांत १८१९ सालीं सादर केला; माल्कमचा माळव्यावरील वृत्तांत १८२२ सालीं निघाला; मेजर अ‍ॅग्न्यूनें छत्तिसगडच्या सुभ्याविषयीं १८२० सालीं स्वतंत्र अहवाल लिहिला. नवीन मुलूख हातीं आला म्हणजे तेथील जुनी वहिवाट काय होती हें आधीं समजून घ्यावें, ती शक्य तों मोडूं नये, हा या पिढींतील अधिकाऱ्यांचा बाणा होता. त्यांत जुन्याविषयींच्या आदरापेक्षां अपुऱ्या मनुष्यबळाची जाणीव अधिक असेल. पण त्या निमित्तानें जुनी वहिवाट लिहून निघाली, हा लाभ लहान नव्हे.

ती माहिती मिळाली कोठून, हें पाहूं गेल्यास या इंग्रजी वृत्तांताच्या पोटांत मराठी कागद दडलेला दिसतो. कमाविसदारांचे हिशेब, पाटील व पांढरीपांडे यांच्याकडील गांवचे कागद, दरबारांतील जुन्या माणसांच्या आठवणी, यांवांचून एक पानही लिहितां आलें नसतें. काशीराव राजेश्वर गुप्ते यांची नागपूरकर भोसल्यांची बखर जेंकिन्सच्याच सांगण्यावरून लिहिली गेली. यादव माधव काळे यांनीं ती १९३६ सालीं प्रसिद्ध केली, त्यामुळें आज आपणांस निदान इतिहासाच्या भागापुरती इंग्रजी वृत्तांत व मराठी मूळ यांची तुलना करतां येते. जेंकिन्सला प्राचीन वस्तूंचीही आवड होती. छत्तिसगडांतील प्राचीन अवशेषांवरील त्याचें टिपण 'एशियाटिक रिसर्चेस'च्या पंधराव्या खंडांत १८२५ सालीं छापलें आहे. अर्थात् गांवच्या जमाबंदीइतकाच ताम्रपटाचा अक्षरशोध करविणारा हा मनुष्य होता, हें त्याच्या बाजूनें नमूद केलें पाहिजे.

(२) गुण व दोष

वृत्तांताचा पहिला गुण म्हणजे त्याचा व्याप. भूवर्णन, लोकवस्ती, जाती, धंदे, व्यापार, गोंड व भोसले यांचा इतिहास, वसुलाची पद्धति, न्याय, पोलीस, आणि १८१८ नंतर केलेले फेरफार, हीं सर्व प्रकरणें एका ठिकाणीं आहेत. दुसरा गुण असा कीं, मराठी अमलांतील पद्धति प्रथम सांगून मग आपण काय बदललें तें सांगण्याची शिस्त त्यांत आहे. नागपूरच्या राज्याविषयीं इतका सलग व समकालीन ग्रंथ दुसरा नाहीं.

दोषही तितकेच ठळक आहेत. चौकशी करणारा, कारभार करणारा आणि स्वतःच्या कारभाराविषयीं मत देणारा, या तिन्ही भूमिका एकाच माणसाच्या असल्यामुळें, १८१८ पूर्वींची स्थिति जितकी काळी दिसेल तितकी पुढील सुधारणा उजळ दिसणार. दुसऱ्या रघूजींचें उदाहरण घ्यावें. त्यांच्या अखेरच्या काळांतील द्रव्यलोभाविषयीं इंग्रजी लेखक एकमुखानें लिहितात, आणि 'बडा बनिया' हें त्यांचें उपनांव गॅझेटियरांतून अजूनही वाचावयास मिळतें. परंतु ता. १७ डिसेंबर १८०३ च्या देवगांवच्या तहानें कटक व पश्चिम वऱ्हाड हातचे गेल्यावर, उरलेल्या मुलखांतून पूर्वींचा खर्च भागविण्याचा प्रसंग कोणीं आणला, हें त्याच दमांत सांगितलें पाहिजे. वाचकानें येथें हिशेबाच्या दोन्ही बाजू स्वतः मांडाव्या हें उत्तम.

तिसरी गोष्ट आंकड्यांची. १८१७ पूर्वीं पेंढाऱ्यांचा उपद्रव, मग युद्ध, मग परकी व्यवस्था, अशा वर्षांचे आंकडे हे सामान्य वर्षांचे आंकडे नव्हेत. शिवाय नागपुरी रुपया निराळा, कंपनीचा रुपया निराळा. खंडीचें माप एका परगण्यांत एक, तर दुसऱ्यांत दुसरें. इंग्रजी कोष्टकांत हीं सर्व मापें एका रांगेंत उभीं राहिलीं म्हणजे त्यांस जी सुबकता येते, ती मूळ कागदांत नसते. ही सुबकताच वाचकास फसविते. म्हणून आमचें मत असें कीं, जेंकिन्सचीं वर्णनें त्याच्या आंकड्यांपेक्षां अधिक विश्वसनीय मानावीं.

(३) पाटील आणि मालगुजार

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. भोसल्यांच्या अमलांत गांवचा वसूल पाटलामार्फत होत असे. पाटील सरकारास गांवच्या सबंध जमाबंदीचा जबाबदार, गांवांत लागवड करवून घेणारा, रयतेस जमिनी वांटून देणारा, आणि या कामाबद्दल वसुलांतून ठरलेला हिस्सा घेणारा. हें काम पुष्कळदां बापाकडून मुलाकडे जाई, पण सरकारची मर्जी फिरल्यास तें काढूनही घेतां येई. देशावरच्या वतनदार पाटलाप्रमाणें तें विकण्याचा वा गहाण ठेवण्याचा हक्क नागपूरकडील पाटलास सामान्यतः नसे. गांवच्या जमिनीचा तो धनी तर मुळींच नव्हे. जेंकिन्सनें पाटलाचें जें चित्र काढलें आहे तें व्यवस्थापकाचें आहे, मालकाचें नव्हे.

ता. ११ डिसेंबर १८५३ रोजीं तिसरे रघूजी निपुत्रिक वारले, आणि पुढील वर्षीं डलहौसीनें राज्य खालसा केलें. ता. २ नोव्हेंबर १८६१ रोजीं सागर-नर्मदा मुलूख व नागपूर प्रांत मिळून मध्यप्रांत निर्माण झाला. रिचर्ड टेंपल चीफ कमिशनर असतां येथें मोठी जमाबंदी झाली, आणि तींत गांवच्या पाटलास गांवाचा मालक ठरविण्यांत आलें. त्याला नांव मिळालें 'मालगुजार'. ज्याच्या नांवें त्या वेळीं गांवाचा मक्ता होता तो मालक झाला. मग तो पिढीजात पाटील असो, सावकार असो, किंवा दरबारच्या कृपेनें अलीकडे गांव मिळविलेला कोणी असो.

हा शब्द मोठा बोलका आहे. फारसींत 'माल' म्हणजे येथें सारा, आणि 'गुजार' म्हणजे चुकता करणारा. तेव्हां मालगुजार म्हणजे सारा भरणारा. मालकीचा अर्थ या शब्दांत कोठेंच नाहीं. वायव्य प्रांतांत जी जमाबंदीची पद्धति रूढ होती, तिच्याबरोबर हा शब्द सागर-नर्मदा मुलखांतून नागपुरांत आला, आणि येतांना तिकडील मालकीची कल्पना घेऊन आला. मालिक-मकबूजा, वाजिब-उल-अर्ज, खसरा, हे सारे शब्द त्याच वाटेनें आले. पाटील हा शब्द कायम राहिला असता तर त्याचा अर्थ काय, हा प्रश्न कोणी तरी विचारला असता, आणि उत्तरासाठीं जेंकिन्सचें पुस्तक उघडावें लागलें असतें. शब्दच बदलल्यामुळें तो प्रश्न पुढें आला नाहीं.

धोरण ठरविणारांस वस्तुस्थिति ठाऊक नव्हती असें म्हणतां येणार नाहीं. जेंकिन्सचा वृत्तांत त्यांच्या हातांत होता. चार्ल्स ग्रँटनें संपादिलेल्या १८७० च्या मध्यप्रांताच्या गॅझेटियरांत त्याचा आधार वारंवार घेतलेला दिसतो. पण सरकारास हवा होता वसुलाचा एकच जबाबदार माणूस, आणि त्या काळच्या अर्थशास्त्राची शिकवण अशी होती कीं, मालकी दिली म्हणजे मनुष्य जमिनींत भांडवल घालतो. उत्तर आधींच ठरलें होतें, आणि चौकशीचें काम त्याला दाखले पुरविण्याचें उरलें. इतिहासाचा पुरावा 'येथें मालक नव्हता' असें सांगत असतां, 'नव्हता म्हणूनच आतां निर्माण करूं' असा निर्णय झाला. तो घेण्याचा अधिकार सरकारास होता. पण जुनाच हक्क आम्हीं मान्य केला, असा जो भास त्यास देण्यांत आला, त्यास मात्र पुराव्याचा आधार नव्हता.

(४) पुण्याकडील एक तुलना

येथें कोणी म्हणेल कीं, चौकशी अधिक कसोशीची असती तर हें टळलें असतें. त्यास उत्तर म्हणून पुणें जिल्ह्यांतील प्रिंगलच्या जमाबंदीची आठवण देतों. प्रिंगलनें १८२८ पासून शेतांची मोजणी करविली, प्रत्येक प्रतीच्या जमिनीचें उत्पन्न व खर्च काढविला, आणि रिकार्डोच्या सिद्धांताप्रमाणें निव्वळ उत्पन्नाचा ठराविक भाग सारा म्हणून ठरविला. कागदावर इतकी शास्त्रीय जमाबंदी त्यापूर्वीं झाली नव्हती. परंतु मोजणी करणारे कारकून लांचखाऊ, उत्पन्नाचे अंदाज काल्पनिक, आणि धान्याचे भाव उतरलेले. परिणाम असा झाला कीं, सारा पेलेना आणि रयत गांवें सोडून जाऊं लागली. शेवटीं गोल्डस्मिड व विंगेट यांस १८३५ सालापासून इंदापूर तालुक्यांत नवी पाहणी करावी लागली. निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडून, शेताची प्रत व रयतेची सारा देण्याची शक्ति यांवर त्यांनीं सारा बसविला. याच पाहणीपासून मुंबई इलाख्याची रयतवारी पद्धति स्थिर झाली.

दोन्ही उदाहरणें शेजारीं ठेवून पाहावीं. पुण्यास आंकडे पुष्कळ होते, पण ते खरे नव्हते. नागपुरास वर्णन बरेंचसें खरें होतें, पण तें मानलें गेलें नाहीं. पुण्याची चूक दहा वर्षांच्या आंत उघडकीस आली, कारण ओस पडलेलें शेत कोणालाही दिसतें. नागपूरची चूक दिसावयास फार काळ लागला, कारण ती शब्दांत होती. खोट्या आंकड्याची परीक्षा पुढचा हंगाम करतो. खोट्या शब्दाची परीक्षा करण्यास जुना कागदच लागतो.

(५) परिणाम

मालकी दिली तिचा निस्तार करण्यांतच पुढील नव्वद वर्षें गेलीं, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. रयतेच्या रक्षणासाठीं सरकारास १८८३, १८९८ व १९२० सालीं कुळकायदे करावे लागले. अखेर, नागपूर मध्यप्रदेशची राजधानी असतां, मालकी हक्क नष्ट करणारा कायदा होऊन तो ता. ३१ मार्च १९५१ पासून अमलांत आला. मालगुजारांस मोबदला देण्यांत आला. जी मालकी एका सरकारनें काहींही न घेतां दिली, ती दुसऱ्या सरकारनें पैसे मोजून परत घेतली. हा व्यवहार जमाखर्चाच्या भाषेंत मांडला म्हणजे, एका अहवालाचें एक प्रकरण नीट न वाचण्याची किंमत किती होते, हें कळतें.

शब्दाचा परिणाम अजूनही संपलेला नाहीं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली व नागपूर या जिल्ह्यांत जुने तलाव हजारांनीं आहेत. सरकारी कागदांत त्यांस 'माजी मालगुजारी तलाव' म्हणतात, आणि लोक त्याचें आद्याक्षरी रूप करून 'मामा तलाव' म्हणतात. नांवावरून ऐकणारास वाटावें कीं, हे तलाव मालगुजारांनीं बांधले. वास्तविक त्यांतील पुष्कळ तलाव मालगुजार हा शब्द या मुलखांत येण्यापूर्वींचे असून, ते बांधण्यांत कोहळी समाजाचा हात मोठा आहे. नवेगांव बांधाचें श्रेय परंपरा कोलू पाटील कोहळी यास देते. लोकपरंपरेनें 'पाटील' हा शब्द जपून ठेवला. सरकारी नोंदींत तो पुसला गेला. तलावाची डागडुजी कोणीं करावी, पाणी कोणास मिळावें, गाळ कोणीं न्यावा, असे प्रश्न धोरण म्हणून पुढें येतात तेव्हां, हा तलाव एका मालकाचा होता कीं सबंध गांवाच्या श्रमाचा होता, यावर उत्तर पुष्कळ अंशीं अवलंबून राहतें.

(६) संग्राहकांस विनंति

जुन्या कागदांचें महत्त्व केवळ इतिहासापुरतें आहे, असें मानणारांनीं पुढील गोष्ट ध्यानांत घ्यावी. वाजिब-उल-अर्ज म्हणजे गांवच्या रूढींची नोंद, आणि निस्तार म्हणजे सरपण, चराई, बांबू, पाणी यांविषयींचे गांवकऱ्यांचे हक्क. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६, यांत निस्तार पत्रक व वाजिब-उल-अर्ज या दोहोंस जागा आहे. २००६ सालच्या वनहक्क कायद्यानें निस्ताराच्या सामूहिक हक्कांस मान्यता दिली. आणि २००८ सालच्या त्याच्या नियमांत पुरावा म्हणून गॅझेटियर, मोजणी व जमाबंदीचे अहवाल, तसेंच पूर्वींच्या संस्थानांकडील व प्रांतांकडील हक्कांच्या नोंदी, हीं साधनें नांवानिशीं सांगितलीं आहेत. गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) या गांवास २००९ सालीं सुमारें १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. म्हणजे आपण ज्यास जुनें बाड म्हणून कपाटांत ठेवतों, तें एखाद्या गांवाच्या जंगलाचा पुरावा असूं शकतें.

राजधानींतील साधनांचा कांहीं भाग छापला गेला आहे. नागपूर रेसिडेन्सीच्या दप्तरांतील निवडक कागदांचे खंड डॉ. सिन्हा यांच्या संपादकत्वाखालीं १९५० पासून प्रसिद्ध झाले. भोसल्यांच्या घराण्याचा इतिहास काळे यांनीं १९३४ सालीं दिला. नागपूरचा राजवाडा मात्र १८६४ सालीं आगीच्या भक्ष्यस्थानीं पडला. एकाच ठिकाणच्या कागदांवर विसंबून राहण्यांत केवढा धोका असतो, हें त्यावरून समजावें. शिवाय रेसिडेन्सीचा कागद झाला तरी तो वरून पाहणाराचा कागद. जेंकिन्सच्या वृत्तांताची खरी तपासणी करावयाची तर खालचा कागद हवा: पांढरीपांड्याचा जमाबंदीचा बंद, पाटलास दिलेला कौल, कमाविसदाराची ताकीद, तलावाच्या दुरुस्तीचा खर्च, दोन गांवांमधील शिवेचा महजर. हे कागद मोडींत आहेत, त्यांवर राजमुद्रा नाहीं, आणि त्यांत लढायांची हकीकत नाहीं. म्हणून संग्राहक त्यांस हात लावीत नाहींत, आणि घरचे लोक ते रद्दींत घालतात.

आमची सूचना साधी आहे. ज्यांच्या संग्रहीं १८१८ ते १८६४ या काळांतील नागपूर प्रांताचे गांवगन्ना कागद असतील, त्यांनीं निदान गांव, परगणा, साल व कागदाची जात एवढी यादी करून ती आपल्या संशोधन मंडळाच्या दप्तरीं द्यावी. एकाच गांवाचे जेंकिन्सच्या अमलांतील, तिसऱ्या रघूजींच्या अमलांतील व टेंपलच्या जमाबंदीचे कागद एकत्र मिळाले, तर पाटलाचा मालगुजार कसा झाला हें त्या गांवापुरतें तरी निर्विवाद दाखवितां येईल. अशीं दहा गांवें सांपडलीं, तर वृत्तांताचें परीक्षण पुरें झालें असें म्हणतां येईल. तोपर्यंत प्रस्तुत लेख हा त्या कामाची नुसती प्रस्तावना समजावा.

जेंकिन्सच्या ग्रंथाची योग्यता कमी करावी हा या टीकेचा हेतु नाहीं. ज्या चौकशीवरून पुढील राज्यकर्त्यांची चूक दाखवितां येते, ती चौकशी थोर दर्जाचीच म्हटली पाहिजे. परंतु अहवाल कितीही चांगला असला तरी तो धोरणास आपोआप शहाणें करीत नाहीं. अहवाल व धोरण यांच्यामध्यें जो शब्द येऊन बसतो, त्यावर नजर ठेवणारा कोणी तरी लागतो. आणि हें काम मूळ कागद वाचूं शकणारासच करतां येतें.